लवंगेचा लाडू

मला बिबा उततो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

बिब्याच्या फळातली गोडंबी आमच्या वऱ्हाडात लाडवात घालतात, खिरीत घालतात, जाता-येता नुसतीही तोंडात टाकतात. चवीला काजूच्या वरताण. पण तिच्या टरफलातलं तेल भारी जहाल. त्याचा जरासा अंश गोडंबीला लागून राहिला तर बहुतेकांना काहीच होत नाही, पण काही जणांचे ओठ सुजतात, अंगावर फोड येतात आणि खाजवून खाजवून जीव नकोसा होतो. यालाच आम्ही उतणं म्हणतो. लहानपणी एकदा ताईच्या हातातला डिंकाचा लाडू हिसकून खाल्ला आणि माझं तोंड असं सुजलं की आरशात बघायची सोय राहिली नाही. ताई रोज जवळ बसून खोबरेल लावायची आणि लावता लावता हसायची.

"माकडतोंडे, अजून खाशीन?"

तेव्हापासून घरात लाडू झाले की माझे वेगळे. गोडंबी घालायच्या आधी ताई थोडं मिश्रण बाजूला काढायची, त्याचे लाडू वळायची आणि ओळखू यावेत म्हणून प्रत्येकावर एक लवंग टोचायची. लवंगेचा लाडू म्हणजे माझा. पाहुणे असले तरी त्याला कोणी हात लावायचा नाही.

पुढे ताईचं लग्न अकोल्याला झालं, जुन्या शहरात. माझं अमरावतीला. ताईच्या हातचे डिंकाचे लाडू त्या गल्लीत इतके नावाजले की कोणी बाळंत झालं की आधी डॉक्टरला फोन आणि मग ताईला. ती पैसे घ्यायची, पण धंदा म्हणून नाही. डबा घेऊन स्वतः जायची. दारात उभी राहून आधी विचारणार, "उतते का?" आणि मगच झाकण उघडणार. बाळंतिणीला सांगता आलं नाही तर तिच्या आईला विचारणार, सासूला विचारणार. "तुया मायले उतत होतं न व? मंग तू लवंगेचा घे." गल्लीतल्या कोणाला उततं आणि कोणाला नाही, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. मी चिडवायची, की तू बिब्याची तलाठी आहेस. ती म्हणायची, "हसू नको. माया हातचं खाऊन कोन्या बाळंतिणीले त्रास झाला, असं कोनी म्हणू नये. बाकी काही म्हणा."

एवढंच तिचं मागणं होतं.

मग तिच्या घरात सून आली. सुनेबद्दल वाकडं लिहिणार नाही, कारण वाकडं लिहावं असं काही नाही. चांगली शिकलेली, कामाला वाघ, आणि सासूच्या हातच्या लाडवांचं तिला एवढं कौतुक की मलाच हेवा वाटायचा. तीच म्हणाली, "आई, तुमी हे गल्लीतच काहून ठेवता? पुण्या-मुंबईच्या बायका असं खायले तरसतात." खरंच होतं ते. तिनं अन्न खात्याची नोंदणी करून आणली, खोके छापून घेतले, मोबाइलवर दुकान उघडलं. लाडवांचे फोटो काढायचे होते तेव्हा मी नेमकी तिथेच होते. माझ्यासाठी लवंगेचे लाडू केलेले होते. सुनेनं ते पितळी ताटात मांडले, बाजूला झेंडूचं फूल ठेवलं. लवंगेमुळे ते दिसायलाही झकास. त्यांचाच फोटो दुकानावर चढला. मी म्हटलं, "अगं, हे तर माझे आहेत!" तर दोघी हसल्या. मीही हसले. कोणाच्या मनात काही आलं नाही.

पहिली ऑर्डर आली ती नाशिकची. ताई खोकं बांधता बांधता थांबली.

"हिले विचारलं का, उतते का म्हणून?"

"आई, ऑनलाइन असं नाही विचारत कोनी," सून म्हणाली. "आणि लिहिलं तर लोक भिऊन जातीन. त्याईले वाटंन विषारीच आहे काही."

"मंग गोडंबी न टाकता पाठवू."

"गोडंबीचीच तर चव आहे आपल्या लाडवाले!"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मला ऑनलाइनमधलं ओ का ठो कळत नव्हतं. ताईनं खोकं बांधलं, पण त्यावर हात ठेवून क्षणभर तशीच बसली, झाकण उघडायच्या आधी दारात थांबायची तशी. मग कुरिअरवाला आला आणि घेऊन गेला.

दुकान चांगलं चाललं. ताईच्या अंगात दहा वर्षांनी लहान झाल्यासारखी तरतरी आली. मेळघाटातल्या सेमाडोहकडून गोडंबी घेऊन येणारी बाई आधी पिशवीभर आणायची, आता पोतं आणू लागली. ताई ती तिळात घोळून, पुन्हा पुन्हा पुसून घ्यायची. त्यात कधी हयगय केली नाही. फोनवर मला म्हणायची, "आज बंगलोरले गेले व लाडू! मी बुलढाण्याच्या पुढं गेली नाही आणि माये लाडू बंगलोरले!" तिचा तो आवाज अजून कानात आहे. तो आठवला की वाटतं, तिथेच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

नोटीस आली तेव्हाही मी अकोल्यातच होते. दिवाळीनंतरचे दिवस. पोस्टमननं सही घेतली, जाड पाकीट दिलं. सून वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. पुण्याची एक मुलगी, नुकतीच बाळंत झालेली. तिनं फोटो बघून लाडू मागवले, दोन-तीन दिवस खाल्ले आणि ओठ, गळा, मान सगळं सुजून आलं. दवाखान्यात ठेवावं लागलं. औषधं चालू होती म्हणून तिला बाळाला अंगावर पाजता आलं नाही. खोक्यावर 'सुकामेवा' एवढंच लिहिलं होतं, गोडंबीचं नाव नव्हतं, काही इशारा नव्हता. वकिलामार्फत नोटीस. उत्तर द्या, नाहीतर ग्राहक आयोगात तक्रार.

माझं डोकंच सणकलं. मी तोंडाची फटकळ आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "पैसे उकळायचे धंदे आहेत हे! मला एवढं उतलं होतं, मी पाठवली का कोणाला नोटीस?"

ताई एरवी माझं बोलणं हसण्यावारी नेते. त्या दिवशी केवढ्यानं ओरडली.

"तोंड सांभाळ! बाळंतीण आहे ते!"

मग खाली बसली आणि तिनं एकच विचारलं. "बाळाले मग काय पाजलं असंन व?" सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ताई उठली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "फोन लाव त्या पोरीले. मी बोलतो."

ऑर्डरवर नंबर होता. फोन लागलाही असता. पण सुनेच्या माहेरच्यांनी सांगितलं, आधी वकील गाठा, तोवर एक शब्द बोलू नका. म्हणून आम्ही तिघी दुपारी वकिलाकडे गेलो.

वकील भला माणूस. खोटं कशाला बोलू, त्यानं फीसाठी घाई केली नाही की घाबरवलं नाही. चहा मागवला, खोकं उलटसुलट करून पाहिलं, मोबाइलवरचं दुकान पाहिलं. मग एकेक करत आमची शाळा घेतली.

"यात काय काय टाकता, ते सगळं इथं छापायला पाहिजे होतं. गोडंबी तर ठळक. कोणाला त्रास होऊ शकतो, हेही."

"आमी तोंडानं विचारतो," ताई म्हणाली.

"कोणाला?"

"ज्याले देतो त्याले."

"पुण्याच्या बाईला विचारलं?"

वकिलानं पुढचं वाचलं. "'कंबर बळकट होते, दूध वाढते.' हे कोणी लिहिलं? तुम्ही औषध विकता का?"

"हे तर सगळेच म्हणतात जी," सून म्हणाली.

"म्हणू द्या. लिहून विकलं की तो दावा होतो. आणि हा फोटो? या लाडवात गोडंबी आहे?"

आता ताईनं माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं की फोटोतले लाडू माझे, लवंगेचे, बिनगोडंबीचे. वकिलानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, "म्हणजे दाखवलं एक आणि पाठवलं दुसरं. हे मी समजू शकतो, आयोगाला कसं समजावू?" बाप्पा रे! लहानपणापासून माझ्या लाडवावर जी माया टोचली जायची, ती त्या टेबलावर फसवणूक होऊन बसली होती.

तक्रार पुण्यात होईल, असंही तो म्हणाला. ऑनलाइन विकलं की ग्राहक स्वतः राहतो तिथे तक्रार करू शकतो. ताईला याचं काहीच वाटलं नाही. ती तिच्या एकाच गोष्टीवर अडून बसली होती.

"मी त्या पोरीले फोन करू का?"

"अजिबात नाही."

"माफी मागाची आहे फक्त."

"काकू, माफी मागितली की ती कबुली होते. रेकॉर्ड झाली तर तेच आपल्यावर उलटतं."

"पण मले कबूलच आहे न."

वकिलानं खोकं बाजूला सरकवलं. मग मऊ आवाजात म्हणाला, "तुम्हाला कबूल असेल. पण यात तुमची सून आहे, तिच्या नावावर नोंदणी आहे. तुम्ही बोलाल आणि भरेल ती." ताईनं तिथेच फोनचा हट्ट सोडला. सुनेला काही झालेलं तिला चाललं नसतं.

आमच्यात असं काही झालं की माणूस भेटायला जातं. एकदा गल्लीतल्या कोणाला तरी दुसऱ्याच घरच्या खिरीनं उतलं होतं, तर ताई, जिचा त्यात काही संबंध नव्हता, खोबरेलची बाटली घेऊन गेली आणि संध्याकाळपर्यंत बसून आली. यात कोणी कोणाला चूक-बरोबर म्हणत नाही. जायचं, बसायचं, तेल लावायचं, "लय झालं का व?" म्हणून विचारायचं. झालं. आता हात-पाय असून जायचं नाही, तोंड असून बोलायचं नाही, असं ताईच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. तरीही तिनं एक बाटली भरली, घाण्याच्या ताज्या खोबरेलची, आणि वकिलाला विचारलं की ही कुरिअरनं पाठवू का, चिठ्ठी न लिहिता. तो नाही म्हणाला. ताईनं बाटली देवाजवळ ठेवली.

पुढचे महिने कागद इकडून तिकडे गेले. मी रोज फोन करायची. ताई खाण्यापिण्याचं सांगायची, हवेचं सांगायची आणि शेवटी म्हणायची, "त्या पोरीचं बाळ आता पालथं पडत असंन." मग म्हणायची, "आता बसत असंन." न पाहिलेलं ते लेकरू तिनं असं मनातल्या मनात वाढवलं. मला रडू यायचं आणि रागही यायचा. राग कोणावर काढावा, ते कळायचं नाही. वकील बरोबर होता, सून बरोबर होती, ती पुण्याची मुलगी तर सगळ्यांत बरोबर होती.

शेवटी तडजोडीचं ठरलं आणि आम्ही तिघी वकिलासोबत पुण्याला, आयोगाच्या कचेरीत गेलो. ताईनं नवी साडी नेसली नाही. धुतलेली, रोजचीच नेसली. पिशवीत ती खोबरेलची बाटली होती. मी पाहिली, पण काही बोलले नाही.

आत जायच्या आधी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोरच्या बाकावर एक तरुण मुलगी येऊन बसली, मांडीवर गुटगुटीत बाळ. तिच्या मानेवर काळपट डाग राहिले होते. ओळख करून द्यायची गरज नव्हती. ताई तिच्याकडे बघत राहिली आणि ती ताईकडे. बाळानं ताईकडे पाहून बोळकं पसरलं. लेकरांना काय कळतं कोण वादी आणि कोण प्रतिवादी!

मुलगीच आधी बोलली. आवाजात भांडण नव्हतं. "काकू, लाडू तुम्हीच करता ना?"

ताईनं मान डोलावली.

"मला त्रास झाला, त्याचं एवढं नाही हो. होतं कधीकधी. पण मी दवाखान्यातून दोनदा तुमच्या दुकानावर मेसेज टाकला, की यात नेमकं काय आहे ते डॉक्टर विचारतायत. कोणी उत्तरच दिलं नाही. एकदा फोन तरी करायचा होता तुम्ही. मी नोटीस मागे घेतली असती."

त्या मेसेजचं आम्हाला ठाऊकच नव्हतं. नंतर सुनेनं शोधले तर दिवाळीच्या ऑर्डरींच्या ढिगाऱ्यात दोन्ही तसेच पडलेले सापडले, न उघडलेले. पण ते नंतर. तेव्हा ताईचा हात पिशवीत गेला. बाटलीवर बोटं आवळलेली मला दिसली. तिनं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं हळूच मान हलवली, नाही म्हणून. सही व्हायला अर्धा तास उरला होता. ताईनं हात रिकामा बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि खाली पाहत बसली.

त्या मुलीला काय वाटलं असेल? म्हातारी मग्रूर आहे, असंच ना? मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अगं, ही रोज तुझ्या बाळाला मोठं करते आहे! पण माझंही तोंड उघडलं नाही. जिथे उघडायला नको तिथे जन्मभर उघडलं, आणि जिथे हवं होतं तिथे शिवल्यासारखं बसलं.

आत सह्या झाल्या. दवाखान्याचा खर्च आणि वर काही द्यायचं ठरलं. ते काही जड नव्हतं, सुनेनं दिलं. शेवटच्या कलमात होतं की यापुढे दोन्ही पक्षांनी एकमेकांशी संपर्क करायचा नाही. ताईनं ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. "म्हणजे आताही नाही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. तिनं सही केली. बाटली अकोल्याला परत आली.

सुनेनं नंतर सगळं रीतसर केलं. नवं खोकं, त्यावर एकूण एक जिन्नस, गोडंबीचा लाल अक्षरांत इशारा, मेसेज बघायला वेगळा मोबाइल. वकिलाला दाखवून घेतलं. तो म्हणाला, आता बिनघोर विका. ताईनं खोकं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "लय चांगलं केलं व. आता पापड-कुरडया विक याच्यात." लाडवांचं नाव तिनं काढू दिलं नाही. सून आता पापड-कुरडयाच विकते आणि तिचं चांगलं चाललं आहे. गल्लीतल्या बायका अजून ताईकडे येतात. ती म्हणते, हात दुखते. हात काही दुखत नाही तिचा.

गेल्या थंडीत माझी मुलगी बाळंत झाली, अमरावतीलाच, माझ्याकडे. मुलीला बिबा उतत नाही. ती लहानपणापासून मावशीचे गोडंबीचे लाडू खाऊन वाढलेली. नऊ महिने तिला त्याच लाडवांचे डोहाळे. ताई भेटायला आली ती बाजारातून घेतलेल्या लाडवांचं बंद खोकं घेऊन.

"हे काय व मावशी?" मुलीचं तोंड एवढंसं झालं.

"याच्यावर सगळं लिहून आहे. वाचून खाय."

मी भडकलेच. "लाज नाही वाटत? सगळ्या अकोल्याला खाऊ घातलंस आणि सख्ख्या भाचीला विकतचे आणतेस!" मुलगी मला आवरत म्हणाली, "मावशी, मले उतत नाही. तुले ठाऊक आहे न?"

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "मले सगळ्याईचंच ठाऊक होतं."

पण भाचीचं मन मोडवेना तिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली. डिंक तळल्याचा, खोबरं भाजल्याचा वास घरभर सुटला आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आली बाई माझी ताई परत. दुपारी ती ताट घेऊन मुलीच्या खोलीत आली. आधी उंबऱ्यात थांबेल, विचारेल, म्हणून मी वाट बघत होते. ती थांबली नाही, काही विचारलंही नाही. सरळ ताट खाटेवर ठेवलं.

ताटातल्या प्रत्येक लाडवावर लवंग होती.

मुलीनं एक उचलला, फिरवून पाहिला. "मावशी, हे तर आईचे. माया लाडूत लवंग काहून?"

ताईनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"आता सगळ्याईलेच उतते, माय," ती म्हणाली.